साडूभाऊंचा काळा वस्तरा

साडूभाऊ,

मला अक्षर येत न्हाई, हे तुमच्याइतकं कुनाला ठाव? तवा मी बोलतोय आन् तुमची सून हिरा लिहून घेतीया. ती चौथी शिकलीया. आपल्या दोघांच्या शिक्षनाची बेरीज केली तरी भोपळाच, म्हनून मी तिच्याम्होरं जरा सावरून बसलोय. तेराव्याला मानसं जमनार, कुनीतरी तुमच्याबद्दल चार शब्द बोलावं, असं तुमची कारभारीन, आमची अक्का म्हनली. मी म्हनलं, माझ्याकडनं बोलून घेतलं तर मानसं हसतील. अक्का म्हनली, "हसू द्या. रडून झालंय सगळ्यांचं." मंग बसलो.

पयली माझी तक्रार. तुमी गेला आन् माझी दाढी वाढली. पिंपरीत माझं दुकान हाय, वर पत्रा, भिंतीला आरसा, गिऱ्हाइकाला खुर्ची. दिवसभर लोकांच्या दाढ्या करतो, आन् माझी सोताची दाढी मातुर रावेतला येऊन तुमच्याकडनं. लोक इचारायचे, गेनू, तू न्हावी ना रे, मंग तुझी तूच का करत न्हाईस? मी सांगायचो, मी त्या न्हाव्याला चांगला वळखतो, त्याच्या हातात मी माझा गळा देनार न्हाई.

तुमच्या दारात, उनात, पोत्यावर बसायचं. त्या वक्ताला आपन काय बोललो ते आठवायला गेलं तर काय बी आठवत न्हाई. मी बोलायला तोंड उघडलं की तुमी तोंडाला साबन फासायचा. येनाऱ्या-जानाऱ्याला वाटायचं, साडू साडूची दाढी करतोय. तुमी माझं तोंड बंद करत व्हता. तसं तोंड बंद करून बसायला मला दुसरी जागा न्हाई आता. घरी तर माझी बायकू ठकू बोलती, आन् ती बोलायला लागली की मी बी बोलतो, मंग शेजारी ऐकत बसत्यात.

धंदा मला तुमीच शिकवला. माझ्या बापानं हात टेकले व्हते. लग्नानंतर मी सासुरवाडीच्या वळखीवर तुमच्याकडं आलो, तर तुमी एक मडकं पालथं घातलं, त्याला साबन फासला आन् म्हनला, ह्याची दाढी कर, मडक्याला ओरखडा पडता कामा नये. मी मडकं फोडलं. तुमी दुसरं दिलं. त्याला तडा गेला. आतनं अक्का म्हनली, "ह्याला कुंभाराकडं घाला, निदान मडकी तरी परत येतील." तुमी मातुर एकदा बी म्हनला न्हाई की तुला जमनार न्हाई. नुसतं म्हनायचा, हळू, अजून हळू. मी एवढा हळू झालो की गिऱ्हाईक खुर्चीत झोपायला लागलं. कारखान्याच्या बांधकामावरची मानसं म्हनत्यात, गेनूच्या हाताला झोप हाय. त्यांना काय ठाव, तो हात भितोय.

आपलं वाजायचं ते एकाच गोष्टीवरनं. तुमचा वस्तरा. तुमच्या वडलांना खडकीच्या छावनीतल्या कुन्या साहेबानं दिलेला, शिंगाच्या मुठीचा. धार अशी की कापल्या केसाला बी कळू नये. पन पातं काळं, म्हशीच्या पाठीसारखं. मला त्याची लाज वाटायची. माझ्या दुकानातले वस्तरे लखलखीत. पिंपरीला औषधाचा कारखाना उभा राहतोय, तिथली मानसं आधी पातं बघत्यात, मंग खुर्चीत टेकत्यात. मी किती येळा म्हनलं, साडूभाऊ, एकदा माझ्याकडं द्या, आरशावानी करून देतो.

तुमी म्हनायचा, "काळा हाय तसाच राहू दे."

"पन का?"

"राहू दे म्हनलं ना."

झालं भांडन. तुमचं भांडन म्हंजे एवढंच. समोरच्याला हाताला काय लागायचंच न्हाई. मी पिंपरीपातुर एकटाच भांडत जायचो, दोघांचं बी मीच बोलायचो, आन् तरी कधी जिंकलो न्हाई.

तसंच दुकानाचं. मी म्हनायचो, या पिंपरीला, पत्र्याखाली बसा, खुर्ची घ्या. गावात दारोदार फिरून, उनात उकिडवं बसून गुडघे गेले तुमचे. तुमी म्हनला, "तुझ्या दुकानात गिऱ्हाईक आरशात सोताला बघत बसतं. न्हाव्याकडं कोन बघतं?" मी म्हनलं, माझ्याकडं कुनी बघत न्हाई तेच बरं, बघितलं तर उठून जातील. तुमाला हसू आलं व्हतं त्या दिवशी. आलं व्हतं ना? मी मोजीत नव्हतो, पन तुमचं हसू ध्यानात राहायचं, कारन ते सनासुदीलाच यायचं.

मंग तुमी अंथरुनाला लागला आन् तुमची धोकटी, म्हंजे आपली हत्यारांची चामडी पिशवी, खुंटीला लागली. तवापासनं तुमची दाढी मी करायला यायचो. तुमी डोळे मिटून पडायचा. एवढी अब्रू तुमी कुनाला दिली नसंल, आन् एवढा जीव बी कुनी धोक्यात घातला नसंल. झाल्यावर गालावरनं हात फिरवायचा आन् अक्काला म्हनायचा, "जिता हाय मी." ते ऐकायला बरं वाटायचं. मंग एक दिवस मी आलो तर ते म्हनायला तुमी नव्हता.

ते कसं झालं ते सांगत न्हाई. बसलेल्या सगळ्यांना ठाव हाय, आन् तुमाला तर हायच.

आता दहाव्याचं सांगतो. ते तुमाला सांगायलाच पायजे.

तुमी गेल्यावर भाऊकी जमली. चाकनचे भिकोबा आले, तुमचे चुलतभाऊ. त्यांच्या हाताचं नाव सगळ्या मावळात हाय. निघोज्याचे आले, देहूचे आले, सगळे न्हावीच, एकापेक्षा एक हात. आन् दहाव्याला तुमच्या शंकरचं डोकं कुनी भादरायचं हे ठरवायला बसले तर एकाला बी वस्तरा धरता येईना. सगळ्यांनाच सुतक. सोताचं डोकं भादरून घेतल्याबिगर त्यांनी हत्याराला शिवायचं न्हाई. बाहेरचा न्हावी आनावा, तर आपल्या घरची रीत आडवी, बापाच्याच वस्तऱ्यानं पोराचं डोकं करायचं आन् घरचा वस्तरा परक्याच्या हातात द्यायचा न्हाई. मंग सुतक बी न्हाई आन् परका बी न्हाई असा न्हावी कोन?

भिकोबांनी सगळीकडं बघून घेतलं, आन् शेवटी माझ्याकडं बघितलं. साडू म्हंजे भाऊ न्हाई, परका न्हाई. दोन बहिनींच्या पदरात पडलेली दोन गाठोडी, त्यातलं एक देवानं उचलून न्येलं, उरलेलं हे.

भिकोबा म्हनले, "दुसरं कुनीच न्हाई का?"

मी म्हनलं, "मी बी तेच इचारनार व्हतो."

कुनी हसलं न्हाई. हसन्यासारखं नव्हतंच. शंकरच्या उजव्या कानाच्या वर ते आवाळू हाय, लिंबाएवढी गाठ. ल्हानपनी बाभळीचा काटा लागला तर रक्त थांबंना. तुमी त्याला खांद्यावर टाकून पुन्याच्या दवाखान्यात पळत गेला, तुमचा सदरा पाठीवर लाल, मी मागनं वहाना हातात घिऊन पळत, त्यातली एक माझी आन् एक तुमची. डॉक्टरनं बजावलं, ह्याला परत इजा झाली तर जिवावर बेतंल. तवापासनं त्या डोक्याला तुमच्याबिगर कुनी हात लावला न्हाई.

मी म्हनलं, तेवढी जागा सोडू या. भिकोबा म्हनले, केस राहिला तर सुतक राहिलं. मी म्हनलं, कातरीनं करू. ते म्हनले, दहाव्याला कातर चालत न्हाई. आन् वर म्हनले, पोराच्या डोक्याचं रक्त जर का सांडलं तर गेलेल्याचा पाय घरातनं निघत न्हाई. शंकर कोपऱ्यात बसून ऐकत व्हता. तुमी गेल्यापासनं तो रडला नव्हता, नुसता कामाला लागलेला, ह्याला चहा दे, त्याला पानी दे. हिरा, तू लिही, लाजू नको, खरंच हाय ते.

अक्कानं खुंटीवरची धोकटी काढली. वस्तरा उघडताना कुरकुरला. पातं तांबूस झालेलं, धारेला खांडं पडलेली, नख फिरवलं तर करवतीवानी लागली. अक्का म्हनली, आजारपनात ते रोज मागायचे, मी दिला न्हाई, हात थरथरायचा, कापून घेतील असं वाटायचं. मंग ती वस्तऱ्याकडं बघत ऱ्हायली. "द्यायला पायजे व्हता," म्हनली. मी बी तुमाला तो काढून दिला नव्हता.

पिंपरीला घिऊन आलो आन् दुकानाचा पडदा सोडला. बाहेर गिऱ्हाईक हाका मारतंय, मी आत गुमान. पयलं पातं घासलेटात भिजत घातलं. मंग चुलीतली राख फडक्यातनं चाळली, तेलात कालवली आन् मक्याच्या बुरकुंडानं, दानं काढलेल्या कनसानं, घासायला बसलो. पाठीकडनं धारेकडं जायचं, धारेच्या बाजूनं कधी यायचं न्हाई, हे मला ठाव हाय. ठाव असून बी मी बोट कापून घेतलं. म्हंजे बोथट वस्तऱ्यानं कापून घ्यायला बी अंगात कला लागती.

गंज निघाला, मंग दगड काढला, काळा चिकना, तुमीच दिलेला. पानी टाकलं. पातं आडवं निजवायचं, पाठ आन् धार दोन्ही दगडाला टेकून, आन् तसंच सरकवायचं. माझी खोड अशी की पाठ जराशी उचलायची, लवकर उरकतं. हात उचलायला जायचा आन् कानात तुमी म्हनायचा, पाठ उचलू नको लेका. दुकानात कुनी नव्हतं तरी मी दोन-तीनदा "व्हय, व्हय" म्हनलो. खांडं जाईपातुर घासायचं म्हंजे पातं झिजनार, म्हनून जीव खाली-वर. तुमच्या बापाचं पातं माझ्या हातनं संपून जातंय की काय.

धार बघायची तर हातावरचा केस कापून बघायचा. पयला दिवस काय बी कापलं न्हाई. मंग ओढून ओढून कापायला लागलं. मी परत दगडावर, परत हातावर. डाव्या हातावर केस उरले न्हाईत. मंग उजवा. मंग लुंगी वर करून पाय. जेवन घिऊन ठकू आली, मला तसा बघितला आन् म्हनली, "माझ्या वेनीकडं बघायचं न्हाई, सांगून ठिवते."

शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर घातला. धार येती तवा पट्ट्यावरचा आवाज बदलतो, आधी फसफस, मंग कोंबडीनं पंख झाडावा तसा बारीक. त्यो आवाज आला. मी पोटरीवरच्या उरलेल्या एका केसाला नुसतं टेकवलं आन् त्यो गेला. साडूभाऊ, मला वरडावं वाटलं. तुमचा वस्तरा, माझ्या हातनं, तुमच्या धारेवर आला व्हता.

तिथंच थांबायला पायजे व्हतं. पन थांबंल त्यो गेनू कसला. पातं अजून काळपटच व्हतं. गंज गेला तरी तुमचा त्यो काळा रंग गेला नव्हता. मी म्हनलं, समद्या न्हाव्यांच्या म्होरं हे असं काढायचं? मंग चुन्याची भुकटी घेतली, जुन्या टोपीचा तुकडा घेतला आन् लागलो घासायला. ऐन दहाव्याच्या आदल्या दिवशी ते असं लखलखलं की पात्यात मला माझं नाक दिसलं. ठकू म्हनली, "नाक दिसतंय ते बरंय. शंकरचं आवाळू दिसंल का ते बघा."

मला मातुर वाटलं, आपन तुमच्याशी भांडन जिंकलो. तुमी उत्तर द्यायला नव्हता, म्हनून जिंकलो, हे तवा ध्यानात आलं न्हाई.

दहाव्याला पवनेच्या काठाला सगळे. तीन दगडांच्या चुलीवर पिंडाचा भात शिजलेला, बाजूला दिवा. भाऊकी वळीनं बसलेली. आचाऱ्यांच्या पंगतीला करपलेला भात वाढायची पाळी यावी, तसा मी. एवढे हात, आन् सगळे मांडीवर बांधून ठेवल्यावानी. भिकोबांनी शंकरला उगवतीकडं तोंड करून बसवलं. मला म्हनले, एकदा बसला की तोंड फिरवायचं न्हाई. शंकरनं मान खाली घातली. मी डोक्याला पानी लावलं, चोळलं, केस मऊ केले. 

वस्तरा उघडला तर निघोज्याचा म्हातारा म्हनला, अगं आई गं, काय चमकतंय. मला बरं वाटलं. कपाळाच्या वरनं सुरवात केली. पातं पान्यावरनं जावं तसं गेलं. डोक्याच्या मधनं वाट निघाली, रक्त न्हाई, ओरखडा न्हाई. भिकोबा म्हनले, "धार चांगली आनलीस." माझ्या जन्मात त्यांनी माझ्याबद्दल काढलेला पयला बरा शब्द. मी तवाच उठून घरी जायला पायजे व्हतं.

डावी बाजू झाली. मागची झाली. मंग मी उजव्या कानाकडं आलो.

आवाळूच्या कडंला पातं कलतं केलं आन् सूर्य त्यात उतरला. सगळा उजेड माझ्या डोळ्यात. हिरवी, लाल चाकं फिरायला लागली, आवाळू कुठं आन् कातडी कुठं, काय बी दिसंना. मी हात मागं घेतला. डोळे पुसले. परत गेलो. परत तेच. त्या जागी पातं ज्या बाजूनं कलवावं लागतं, नेमकी तीच बाजू उनाकडं. दुसऱ्या बाजूनं गेलो तर नदी चमकत व्हती, तिचा उजेड पात्यात.

शंकर खालनं म्हनला, "काका, झालं?"

"होतंय," मी म्हनलं. माझ्या आवाजावरनं तो समजला.

तुमचे दोघं पुतने धोतर धरून उभे राहिले सावली करायला. नदीवरनं वारा आला, धोतर फडफडायला लागलं. आता उजेड, आता सावली, आता उजेड. त्यापरीस ऊन बरं. मी त्यांना बसा म्हनलं.

भिकोबा म्हनले, "काय झालं?"

"दिसत न्हाई."

"डोळे गेले काय तुझे?"

"न्हाई. पातं लई चमकतंय."

मंग भिकोबा तुमचं नाव घिऊन म्हनले, "दगडूचं पातं काळं व्हतं."

"व्हय."

"ते कुनी घासलं?"

"मी."

"कुनी सांगितलं व्हतं?"

"कुनीच न्हाई."

ते माझ्यावर खेकसले असते तर बरं झालं असतं. ते हळूच म्हनले, उनात बसून काम करनारा मानूस पातं काळंच ठेवतो. वापरून वापरून काळं पडतं, त्याला जपायचं असतं. तेवढं बोलून ते शंकरच्या डोक्याकडं बघायला लागले, कारन डोकं वाळत चाललं व्हतं, आन् वाळल्या डोक्यावर वस्तरा ओढतो.

साडूभाऊ, जन्मभर तुमी उनात बसला. मी पत्र्याखाली बसून तुमाला पातं कसं असावं ते सांगत व्हतो. एवढं एक वाक्य बोलायला काय झालं व्हतं तुमाला? "गेनू, डोळ्यावर येतं." एवढंच. मी ऐकलं नसतं, ते ठीक हाय. पन तुमी बोलायला पायजे व्हतं. तिथं काठाला वस्तरा हातात धरून मला तुमचा राग आला. तुमी गेल्यापासनं पयल्यांदा आला, आन् एवढा आला की डोळ्यातनं पानी निघालं, म्हंजे आधीच दिसत नव्हतं त्यात भर.

मंग माझी नजर भाताच्या पातेल्यावर गेली. त्याचं बूड चुलीवर काळं झालेलं. मी उठलो, बुडाची काजळी बोटांनी खरवडली, दिव्यातलं तेल घेतलं, आन् ते कालवून पात्याला दोन्ही बाजूनं फासलं. एवढ्या दिवसांची घासाघाशी मी सगळ्यांच्या देखत चार बोटांनी पुसून टाकली. निघोज्याचा म्हातारा शेजारच्याला म्हनला, ह्याला सुतकाचा धसका बसला. मी धारेवरची काजळी तेवढी अंगठ्याच्या मासानं निपटून घेतली आन् पातं उनात धरलं.

उजेड न्हाई. आन् काळ्यावर ती धार तेवढी पांढरी, सुताएवढी, जिथं हाय तिथं दिसत व्हती. लखलखीत पात्याला धार कुठली आन् पातं कुठलं कळत न्हाई. काळ्यावर कळतं. मी वर बघितलं तर भिकोबा माझ्या हाताकडं बघत व्हते आन् त्यांचा उजवा हात मांडीवर आपोआप वळत व्हता, जनू वस्तरा त्यांच्याच मुठीत हाय.

ते म्हनले, "पानी लाव. लाव परत. भरपूर."

मी लावलं. डाव्या हाताचा अंगठा आवाळूच्या कडंला भिंतीवानी उभा धरला आन् त्याच्या कडंकडंनं वस्तरा न्यायला लागलो. एक केस, मंग दुसरा. हळू. अजून हळू. अर्धी बाजू झाली. वरची झाली. शेवटची बोटभर जागा राहिली, कानाच्या अगदी जवळची.

आन् तवा शंकरला हुंदका आला.

इतके दिवस दाबलेला. तो ऐन वस्तऱ्याखाली निघाला. सगळं डोकं हाललं. माझा हात थांबायच्या आधी पातं मासात शिरल्याचं मला कळलं, ते न्हाव्याला कळतं. आन् रक्त आलं. आवाळूवरनं कानावर, कानावरनं मानेवर, त्याच्या उघड्या पाठीवर.

भिकोबा उठून उभे राहिले. सुतकात हत्याराजवळ यायचं न्हाई, पन ते उठले. कुनीतरी "गेलं" म्हनलं. मी वस्तरा खाली टाकला, तांब्या घेतला आन् शंकरच्या डोक्यावर वतला. लाल पानी गेलं. परत वतला. मी वाकून बघतोय, भिकोबा वाकून बघत्यात, दोघांची टक्कर झाली. आवाळू साफ. कातडीला चीर न्हाई. आन् आमी बघतोय तोवर परत थेंब पडले, वरनं, माझ्या हातातनं. अंगठा फाटला व्हता, नखापासनं खाली. भिंत मध्ये व्हती म्हनून पातं भिंतीत घुसलं.

भिकोबांनी माझा हात धरला, अंगठा बघितला. मंग शंकरचं डोकं बघितलं. मंग परत माझा अंगठा. त्यांच्या तोंडावरचं मला वाचता येत न्हाई, अक्षरशत्रू मी. ते खाली बसले आन् म्हनले, "भाऊकीचं न्हवं ते रक्त. साडूचं हाय. त्याला दोष न्हाई."

एवढं ऐकलं आन् मी शंकरच्या शेजारी धपकन बसलो. त्यानं आपल्या पंच्याची कड फाडली, माझा अंगठा बांधला, गाठ मारताना दातांनी वढली. रडत व्हता, नाक वाहत व्हतं, डोकं कवळ्या दुधी भोपळ्यावानी चमकत व्हतं. मंग माझ्याकडं बघून म्हनला, "काका, मिशी न् दाढी राहिलीया. दुसरा अंगठा शाबूत हाय न्हवं?"

न्हाव्यांची सगळी वळ हसली. सुतकात. भिकोबांनी उपरनं तोंडावर धरलं, पन खांदे हालत व्हते. तुमच्या दहाव्याला मानसं हसली, साडूभाऊ. राग आला असंल तर माझ्यावर काढा, शंकरवर न्हाई.

मी शेवटची बोटभर जागा केली. मंग त्याच्याम्होरं बसून मिशी उतरवली, गालाला साबन फासला. शंकरनं मिसरूड फुटल्यापासनं दाढी ठेवलेली. त्या दाढीखालचं तोंड मी कधी बघितलंच नव्हतं, हिरानं बी बघितलं नव्हतं, ती आता मान हालवतीया. एक गाल झाला, दुसरा झाला, मंग मी पंच्यानं साबन पुसला.

आन् तुमी बसला व्हता.

तेच गाल, तोच जबडा, डावीकडं जरा ओढलेला ओठ. डोळे मिटून, काय बी न बोलता. माझा हात तिथंच राहिला. माझ्या तोंडातनं निघून गेलं, "साडूभाऊ."

त्यानं डोळे उघडले. "काय म्हनला, काका?"

मी म्हनलं, "काय न्हाई. जरा वर बघ, गळा राहिलाय."